सलग ब्रिटिश मालिका पाहताना मार्टिन फ्रीमनचा अभिनय कसा जोखायचा?

चौकस

'द ऑफिस'मधला टिम, 'शेरलॉक'मधला वॉटसन आणि 'द रिस्पॉन्डर'मधला ख्रिस कार्सन लागोपाठ पाहिले की मार्टिन फ्रीमनबद्दल दोन परस्परविरोधी मतं एकाच वेळी पटायला लागतात.

पहिलं मत असं की गडी २००१ पासून एकच काम करतोय. ओठ घट्ट मिटणं, वाक्याच्या मध्येच अडणं, मान किंचित तिरकी करून समोरच्याकडे पाहणं आणि सगळं बोलून झाल्यावर अर्ध्या सेकंदानं येणारं ते कसनुसं हसू. सज्जन, त्रासलेला, मनातल्या मनात चडफडणारा माणूस. दुसरं मत असं की 'रिस्पॉन्डर'मध्ये हे सगळं असूनही टिमची आठवण येत नाही, आणि असं योगायोगानं होत नसतं. याच भूमिकेसाठी त्याला २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी मिळालं, पण पुरस्कार बाजूला ठेवूनच बोलू.

लकबी त्याच असताना अभिनय वेगळा आहे हे दाखवायचं कसं? लेखन, संकलन, छायाचित्रण यांचं श्रेय वजा केलं तर नटाचं म्हणून काय उरतं, हे ओळखायची काही रीत आहे का? आणि सलग पाहिल्यानं आपला अंदाज कितपत बिघडतो? नुसतं आवडला-नावडला नको. कोणता भाग, कोणता प्रसंग, त्यात काय पाहायचं हे सांगितलंत तर उपयोग होईल. रहस्यभेद झाला तरी चालेल.

पडद्यामागे

लकबी मोजत बसू नका. प्रत्येक लकब कशावर पांघरूण घालते ते पाहा.

फ्रीमनचं मुख्य हत्यार म्हणजे रोखून धरलेली प्रतिक्रिया. काहीतरी घडतं, त्याच्यापर्यंत पोचतं, बाहेर यायला निघतं आणि तो ते ओठांशी अडवतो. तिन्ही मालिकांत तंत्र एकच. बदलतात त्या दोन गोष्टी: अडवलेलं बाहेर पडलं असतं तर काय झालं असतं, आणि तो अडवताना त्याच्याकडे कोण पाहतंय.

'द ऑफिस'नं माहितीपटाचं सोंग घेतलंय. तिथला कॅमेरा पात्रांनाही दिसतो. वरिष्ठ काहीतरी अचाट बोलतो, टिम कॅमेऱ्याकडे पाहतो आणि त्याला साक्षीदार मिळतो. हसू येतं ते त्यामुळे. संयम सुटलाच तर नुकसान काय, तर कचेरीतला एक अवघडलेला दिवस. 'रिस्पॉन्डर'मधला ख्रिस लिव्हरपूलमध्ये रात्रपाळीचा पोलिस, सुरुवातीला गस्तीच्या गाडीत एकटा. साक्षीदार नाही. संयम सुटला तर कुणाचा तरी जबडा फुटेल, नोकरी जाईल, घर मोडेल. ओठ तसेच मिटतात, पण ओठ मिटल्यावर टिमचे डोळे आधार शोधायला दुसरीकडे जातात आणि ख्रिसचे जागच्या जागी थिजतात. एवढा एक फरक मनात धरून दोन्हींतला कुठलाही दहा मिनिटांचा तुकडा पाहा.

याहून नेमकी तुलना हवी असेल तर समुपदेशकासमोरचे प्रसंग घ्या. 'शेरलॉक'च्या पहिल्याच भागात (२०१०) अफगाणिस्तानातून परतलेला वॉटसन समुपदेशकासमोर बसलाय. 'रिस्पॉन्डर'च्या पहिल्या भागात (२०२२) ख्रिसही तसाच बसलाय. नट तोच, परिस्थिती जवळजवळ तीच, मध्ये बारा वर्षं. वॉटसनची पाठ ताठ, उत्तरं तुटक. सांगण्यासारखं काही नाही असं तो स्वतःलाच पटवतोय. ख्रिसला सांगायचंय आणि ते सांगताना त्याला स्वतःची लाज वाटतेय, म्हणून वाक्य सुरू जोरात होतं आणि शेपटाला आवाज बसतो. दोघांचेही हात पाहा. त्याच 'शेरलॉक'च्या भागात पुढे शेरलॉकचा भाऊ मायक्रॉफ्ट वॉटसनच्या डाव्या हाताच्या थरथरीची तक्रार उकरून काढतो आणि धोक्याच्या क्षणी तो हात अगदी स्थिर असल्याचं दाखवून देतो. संवाद येण्याआधीच फ्रीमननं ती स्थिरता हातात आणून ठेवलेली असते. इथे लेखकानं फक्त बोट दाखवलंय.

आता श्रेय वजा करण्याबद्दल. संकलक नटाला वाचवूही शकतो आणि बुडवूही शकतो, त्यामुळे ही पायरी टाळता येत नाही. दोन पात्रांचा तीनेक मिनिटांचा प्रसंग निवडा आणि आवाज बंद करून पाहा. किती वेळा दृश्य तुटतं ते मोजा. मग दुसऱ्या फेरीत फक्त एवढंच नोंदवा की प्रतिक्रिया एकट्याच्या जवळच्या चौकटीत आहे की दोघं एकाच चौकटीत असताना. एकट्याची चौकट असेल तर ती प्रतिक्रिया त्याच क्षणी दिलेली असेलच असं नाही; दुसऱ्या टेकमधून, कधी कधी दुसऱ्याच वाक्यावरची उचलून तिथे बसवलेली असू शकते. थबकण्याची लांबीही तिथे संकलकाच्या हातात. दोघं एकत्र दिसत असतील तर मात्र तो अर्धा सेकंद नटाचा स्वतःचा. म्हणून वेळेचं भान जोखायचं ते केवळ दोघांच्या चौकटीत. तसंच, बोलणाऱ्याचं तोंड दिसत नसेल, पाठ किंवा खांदा दिसत असेल, तर ते वाक्य नंतर ध्वनिमुद्रणात घेतलेलं असण्याची शक्यता धरा आणि त्यावरून आवाजाबद्दल मत बनवू नका.

फ्रीमनपुरता सगळ्यात स्वच्छ पुरावा 'द ऑफिस'च्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात आहे (२००२). टिम कॅमेऱ्यासमोर बोलता बोलता उठतो, त्याचं प्रेम असलेल्या डॉन या स्वागतिकेला बाजूच्या खोलीत नेतो आणि अंगावरचा माइक काढून टाकतो. आवाज जातो. काचेपलीकडे दोघं फक्त दिसतात. संवाद नाही, संगीत नाही, जवळची चौकट नाही, म्हणजे उसना आधार घेण्याजोगं काहीच शिल्लक नाही. परत येऊन माइक लावतो आणि ती नाही म्हणाली हे जाता जाता सांगितल्यासारखं सांगून टाकतो. त्या वाक्याची फेक इतकी सपाट आहे की ती मुद्दाम सपाट केलीय हे ऐकू येतं. हे जमणारा नट मर्यादित आहे असं कुणी म्हणत असेल तर मर्यादित या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल.

आणखी एक सोय फार थोड्या नटांच्या बाबतीत मिळते. 'शेरलॉक'चा साठ मिनिटांचा एक मूळ भाग कोकी गिड्रॉइक यांच्या दिग्दर्शनाखाली बनला होता आणि तो प्रक्षेपित झाला नाही. पुढे तीच कथा पॉल मग्विगन यांनी नव्वद मिनिटांत पुन्हा चित्रित केली. पहिल्या पर्वाच्या डीव्हीडीवर तो मूळ भाग जोडलेला आहे. मुख्य नट तेच, प्रसंग बरेचसे तेच, दिग्दर्शक वेगळा. बार्ट्‌स रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली शेरलॉक आणि वॉटसनची पहिली भेट दोन्हींत पाहा. पडद्यावर उमटणारी अक्षरं, झरझर सरकणारी दृश्यं ही सगळी सजावट दुसऱ्यात आली. पहिल्यात नसलेलं दुसऱ्यात आलं ते दिग्दर्शकाचं आणि दोन्हींत टिकलेलं ते नटाचं, असा ढोबळ हिशेब मांडता येतो.

कानसेन

वरच्या प्रतिसादात चेहऱ्याचं उत्तम आलंय. कानाचं राहिलं.

फ्रीमन लिव्हरपूलचा नाही. जन्म ऑल्डरशॉटचा, दक्षिण इंग्लंडातला. 'रिस्पॉन्डर'मध्ये तो पूर्णवेळ लिव्हरपुली बोलतो, आणि तेही इयन हार्ट आणि रीटा टशिंगहॅम या अस्सल लिव्हरपूलकरांच्या शेजारी उभा राहून. पटकथा टोनी शूमाकर यांची. ते स्वतः त्या भागात पोलिसात होते, म्हणजे भाषेत ढिलाई खपण्यासारखी नव्हती.

काय ऐकायचं ते सांगतो. शब्दाच्या शेवटचा 'क' लिव्हरपुलीत घशात घासला जातो, 'बॅक'चा जवळजवळ 'बॅख' होतो. छोट्या शब्दांच्या शेवटचा 'ट' विरघळून नुसता श्वास उरतो. 'फर' आणि 'फेअर' या दोन शब्दांतले स्वर एकमेकांत मिसळतात. हे तीन कानाला लागले की एक प्रयोग करा: ख्रिस शांत असताना आणि संतापलेला असताना हे तिन्ही उच्चार टिकतात का ते पाहा. उसनी बोली सुटते ती बहुधा ओरडताना नाहीतर कुजबुजताना, कारण तेव्हा लक्ष भावनेकडे जातं. फ्रीमनची ओरडताना तर टिकतेच, पण त्याहून कठीण म्हणजे थकलेल्या, पुटपुटल्यासारख्या वाक्यांतही टिकते. आणि बोली बदलली की अडखळण्याची जागाही बदलते. टिम वाक्याच्या सुरुवातीला अडखळतो, शब्द शोधत. ख्रिस क्रियापदानंतर अडतो, कारण पुढचा शब्द बहुतेक शिवी असते. लकब तीच दिसते, पण वाक्यातली जागा दुसरी.

बोलीवरून नट जोखण्याची आणखी दोन उदाहरणं. 'लाइन ऑफ ड्यूटी'मधला मार्टिन कॉम्पस्टन हा स्कॉटलंडमधल्या ग्रिनॉकचा. सहा पर्वं तो लंडनच्या वळणाचं इंग्रजी बोलतो. त्याची मुलाखत आधी ऐकली असेल तर धक्का बसतो, नसेल तर शंकाही येत नाही. दुसरं डेव्हिड टेनंटचं. 'ब्रॉडचर्च' (२०१३) मध्ये तो स्वतःच्या स्कॉटिश वळणानं बोलतो आणि त्याच कथेच्या अमेरिकी आवृत्तीत, 'ग्रेसपॉइंट' (२०१४) मध्ये, तोच पोलिस तपासनीस अमेरिकी उच्चारांत करतो. दोन्हींचा पहिला भाग एकापाठोपाठ लावा. कथा इतकी सारखी आहे की फरक थेट नटावर येतो. माझ्या मते 'ग्रेसपॉइंट'मध्ये तो उच्चार सांभाळण्यात इतका गुंततो की वाक्यांचा वेग एकसुरी होतो. उच्चार बरोबर असूनही माणूस उभा राहत नाही.

हे सगळं मूळ आवाजातच पाहायचं, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्या भाषेत डब केलेली आवृत्ती लावली तर निम्मा नट पडद्यावर उरतो आणि मत त्या निम्म्याबद्दल होतं.

तिरकस

थोडं पाणी ओततो.

तंत्र उत्तम, ताबा उत्तम, सगळं मान्य. पण 'आवाका' हा शब्द जरा जपून वापरावा. सारा लँकशर घ्या. 'लास्ट टँगो इन हॅलिफॅक्स'मधली मुख्याध्यापिका कॅरोलाइन आणि 'हॅपी व्हॅली'मधली सार्जंट कॅथरिन कॅवुड, दोन्ही भूमिका सॅली वेनराइट यांनीच लिहिलेल्या, दोन्ही उत्तर इंग्लंडातल्या, दोन्ही काही वर्षं समांतर चाललेल्या. लेखिका समान, प्रदेश समान, वयही तेच. तरी कॅरोलाइन जिना चढते तशी कॅथरिन चढत नाही. कॅथरिनच्या कमरेला पट्टा आणि सरंजाम नसतो त्या प्रसंगांतही चालण्यात त्याचं वजन असतं. लँकशरबाईंना अनेकांनी 'कॉरोनेशन स्ट्रीट'मधली भाबडी रॅकेल म्हणूनच आधी ओळखलं होतं, त्या पार्श्वभूमीवर हे पाहा.

किंवा जेम्स नॉर्टन. २०१४ या एकाच वर्षी 'हॅपी व्हॅली'तला टॉमी ली रॉइस हा क्रूर गुन्हेगार आणि 'ग्रँटचेस्टर'मधला सालस पाद्री. हा खरा विस्तार. कीली हॉज 'लाइन ऑफ ड्यूटी'च्या दुसऱ्या पर्वात लिंडसे डेंटन होते तेव्हा तिचं आधीचं सगळं देखणेपण कुठे गेलं ते कळत नाही. केस, चाल, जेवायची पद्धत, सगळं कोमेजलेलं. आणि ती लांबलचक चौकशीची दृश्यं, एका टेबलाभोवती, हालचाल जवळजवळ शून्य. तिथे लपायला जागा नसते.

फ्रीमनची अडचण 'अ कन्फेशन' (२०१९) मध्ये उघडी पडते. स्टीव्ह फुल्चर या खऱ्या पोलिस अधिकाऱ्याची गोष्ट. २०११ मध्ये त्यांनी संशयिताला ठाण्यात न नेता थेट टेकडीवर नेलं आणि कायद्यानं बंधनकारक असलेली ताकीद न देता, वकिलाशिवाय प्रश्न विचारले. त्यानं दोन खुनांची कबुली दिली आणि नियम मोडल्यामुळे न्यायालयानं ती कबुली पुराव्यातून बाद केली. म्हणजे त्या टेकडीवरच्या प्रसंगात या माणसाला कळतंय की आपण स्वतःची कारकीर्द पणाला लावतोय. फ्रीमन तिथेही झाकण घट्ट लावून बसतो. आतली उकळ दिसतच नाही. मालिकेचं वजन शेवटी शिव्हॉन फिनरन आणि इमेल्डा स्टाँटन या दोघी आया उचलतात. 'रिस्पॉन्डर'मध्ये तेच झाकण चालून जातं, कारण रात्र, खांद्यावरचा हलता कॅमेरा आणि शूमाकरांचे संवाद मिळून आतली वाफ दाखवतात. नट तोच, यश त्याच्या आधारांचं.

सलग पाहण्याबद्दल: यांतल्या बहुतेक मालिका मुळात आठवड्याला एक अशा लिहिल्या गेल्या. पात्राची ओळख प्रेक्षकाला पुन्हा पटावी म्हणून दर भागात त्याची ठरलेली खूण येतेच, आणि ती यावी म्हणून दिग्दर्शकही आग्रह धरतो. सात दिवसांच्या अंतरानं ती ओळख वाटते, चाळीस मिनिटांच्या अंतरानं कंटाळा वाटतो. इतपत सूट प्रत्येक नटाला द्यावी लागेल.

पडद्यामागे

@तिरकस, 'अ कन्फेशन'बद्दल अर्धं मान्य. पण तिथला प्रश्न नटाचा कमी आणि मालिकेच्या जातीचा जास्त आहे. खरी घटना, हयात माणसं, हयात नातेवाईक. आयटीव्ही या खासगी वाहिनीच्या अशा मालिकांत मुख्य पात्राच्या मनातलं काही गृहीत धरून दाखवायला सगळेच कचरतात. फुल्चरची बाजू घेतल्यासारखं दिसू नये आणि विरोधातही जाऊ नये म्हणून दिग्दर्शन त्याला मधल्या अंतरावरून दाखवत राहतं. टोबी जोन्सनं 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस'मध्ये (२०२४) हीच अडचण वेगळ्या रीतीनं सोडवली: त्यानं बेट्स या खऱ्या माणसाला हट्टी आणि किंचित कंटाळवाणं होऊ दिलं. फ्रीमननं फुल्चरला कुठलाही दोष दिला नाही, तिथे तो कमी पडला. इतकं मी कबूल करेन.

नॉर्टनच्या बाबतीत मात्र तुम्ही भूमिकांमधला फरक आणि अभिनयातला फरक यांची गल्लत करताय. खुनी आणि पाद्री हे लेखकांनीच दूर ठेवलेले. खरी परीक्षा जवळच्या भूमिकांत असते, जिथे दोन माणसं सारखीच दिसायची शक्यता जास्त. म्हणून तर तुमचं लँकशरचं उदाहरण फार चांगलं आहे आणि नॉर्टनचं तितकं नाही.

आधारांशिवाय नट पाहायचाच असेल तर 'अडॉलसन्स' (२०२५). चार भाग, प्रत्येक भाग एकाच अखंड चित्रणात. संकलनाचा हात भागाच्या आत पोचतच नाही. तिसऱ्या भागात ओवन कूपर आणि एरिन डोहर्टी एका खोलीत जवळजवळ पूर्ण वेळ. कूपरचं हे पडद्यावरचं पहिलंच काम. इतर कुणाचाही अभिनय तोलण्याआधी हा भाग पाहून ठेवला तर तुटक चित्रणात नटाला किती मदत मिळते याचा अंदाज येतो.

मोजणीदार

चर्चा छान, पण चौकस यांना बसून पाहायचंय, तर वेळ आणि यंत्राची बाजू.

बीबीसीवर जाहिराती नसतात, त्यामुळे तासाचा भाग जवळपास पूर्ण तासाचा असतो. आयटीव्हीचा तासाचा भाग जाहिराती वगळता पाऊण तासाच्या आसपास. हिशेब असा: 'रिस्पॉन्डर'चं पहिलं पर्व पाच भागांचं, पाच तासांच्या आत. 'अ कन्फेशन' सहा भाग, साधारण साडेचार तास. 'द ऑफिस'ची दोन पर्वं बारा भागांची, अर्ध्या अर्ध्या तासाची, वर २००३ चा दोन भागांचा नाताळ विशेष. 'शेरलॉक'चं एक पर्व म्हणजे नव्वद मिनिटांचे तीन भाग. सगळं मिळून तेरा भाग आहेत, पण या कामाला चार पुरेत: पहिल्या पर्वाचा पहिला, दुसऱ्याचा तिसरा, तिसऱ्याचा पहिला आणि तिसऱ्याचा तिसरा. शेवटच्याला फ्रीमनला २०१४ चं एमी मिळालं होतं. दुसऱ्या पर्वाच्या तिसऱ्यात शेरलॉकच्या थडग्यासमोरचं वॉटसनचं बोलणं आणि त्यानंतरचं ते लष्करी वळण, तिसऱ्याच्या पहिल्यात हॉटेलमध्ये मेलेला समजलेला मित्र समोर उभा राहिल्यावर वॉटसनला शब्द न फुटणं. ही जोडी लागोपाठ पाहावी.

क्रम: 'रिस्पॉन्डर' आधी, 'ऑफिस' नंतर. उलट केलंत तर डोळ्यांना विनोदाची सवय लागते आणि ख्रिस थबकला की आपण हसण्याची वाट पाहतो. कालक्रमानं पाहिल्यावर आणखी एक घोटाळा होतो, नट 'सुधारत गेला' अशी एक गोष्ट आपणच रचतो. टिमच्या माइकचा प्रसंग शेवटी पाहिला की ती गोष्ट टिकत नाही.

आता टीव्ही. चित्र गुळगुळीत करणारी सोय, जिला बहुतेक संचांत मोशन स्मूदिंग किंवा तत्सम नाव असतं, ती बंदच करा. ती दोन चौकटींमध्ये स्वतःच्या कल्पनेनं तिसरी घालते. पापणी लवणं, ओठांच्या कडेची हालचाल अशा सूक्ष्म गोष्टी त्यात पुसल्या जातात, आणि फ्रीमनचा सगळा कारभार तिथेच चालतो. ब्रिटिश मालिका बहुधा सेकंदाला २५ चौकटींच्या असतात. पडदा ६० हर्ट्झवर असेल तर २५ चा भाग नीट जात नाही आणि संथ हालचाल अडखळते. यंत्रात ५० हर्ट्झचा पर्याय असेल तर तो निवडा. वेग एकपट. सव्वापटीनं पाहिलं तर कथा कळते, पण थबकणं मरतं. पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद ठेवा, म्हणजे शेवटच्या चौकटीवर श्रेयनामावली चढण्याआधीचे दोन-तीन सेकंद हातचे जात नाहीत.

आवृत्तीही तपासा. परदेशी वाहिन्या आपल्या वेळापत्रकात बसवण्यासाठी काटछाट करतात. 'शेरलॉक'ची सुरुवातीची पर्वं अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर काही मिनिटं कापूनच दाखवली गेली. कापताना पहिला बळी जातो तो संवाद नसलेल्या जागांचा. भागाची लांबी नव्वद मिनिटांहून बरीच कमी दिसली तर ती आवृत्ती सोडून द्या.

एका बैठकीत दोन भागांहून जास्त नको. दोन वेगळ्या मालिकांतले एकेक भाग एकाआड एक पाहिले तर तुलना होते आणि तिरकस म्हणतात तो कंटाळाही टळतो.

चौकस

सगळ्यांचे आभार, भरपूर साहित्य मिळालं. दोन शंका उरल्या. लिव्हरपुली उपशीर्षकांशिवाय अजिबात झेपत नाही, पण उपशीर्षकं लावली की नजर खाली जाते. आणि 'रिस्पॉन्डर'चं दुसरं पर्व या कामासाठी पाहावं का, की पहिल्यावर थांबावं?

कानसेन

उपशीर्षकांचा खरा त्रास नजर खाली जाण्याचा कमी. वाक्य नटाच्या तोंडून येण्याआधी आपण वाचून मोकळे होतो, त्यामुळे त्याचं थबकणं आपल्याला उशीर वाटतं. उपाय म्हणजे भाग एकदा उपशीर्षकांसह सलग पाहा आणि निवडलेले दोन-तीन प्रसंग लगेच त्यांच्याशिवाय. अर्थ माहीत असल्यावर कान मोकळा होतो. उपशीर्षकांत दोन प्रकार मिळत असतील तर कर्णबधिरांसाठीचा प्रकार या कामाला टाळा. त्यात 'सुस्कारा टाकतो', 'आवंढा गिळतो' असं लिहून येतं, म्हणजे अभिनयाचा अर्थ दुसऱ्यानं आधीच लावून दिलेला. संवाद पुटपुटल्यासारखे वाटत असतील तर आवाज वाढवण्याऐवजी टीव्हीतली संवाद ठळक करणारी सोय वापरून पाहा. मात्र मोठे-लहान आवाज एका पातळीवर आणणारी रात्रीची सोय नको. ती कुजबुज आणि ओरडणं यांतलं अंतरच खाऊन टाकते.

दुसरं पर्व जरूर पाहा, तेही पाचच भागांचं आहे. त्यात ख्रिसच्या वडिलांच्या भूमिकेत बर्नार्ड हिल आहेत. 'बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ'मध्ये १९८२ साली त्यांनी लिव्हरपूलमधल्या बेकार योसर ह्यूजचं काम केलं होतं, आणि ते स्वतः मँचेस्टरचे, म्हणजे उसन्या बोलीचा हा धडा त्यांनी चाळीस वर्षांआधी गिरवलेला. ५ मे २०२४ ला दुसरं पर्व सुरू झालं, त्याच दिवशी ते गेले. बाप-लेक एकत्र येतात ते प्रसंग दोघांच्या चौकटीत शोधा, म्हणजे वर पडद्यामागे यांनी सांगितलेली कसोटी तिथे लावता येते. हिल यांच्याकडे अडवून धरणं नाही, जे आहे ते ते टाकून मोकळे होतात. समोर असा नट असल्यावर फ्रीमनचं झाकण किती वेळ टिकतं आणि नेमकं कोणत्या वाक्यावर हलतं, ते पाहायचं.

पण पहिलं पर्व पूर्ण केल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका. सुरुवातीला येणारा 'आतापर्यंत' छाप गोषवारा घटना सांगतो, पण ख्रिसनं पहिल्या पाच भागांत काय काय गिळलंय ते त्यात मावत नाही.